स्कुकुझा म्हणजे झाडून काढणारा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कमध्ये राहण्याचे बरेच कॅम्प आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कॅम्पचं नाव स्कुकुझा. जोबर्गहून शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की आमच्यासारखे नोकरदार लोक गाडी काढून तिकडे पळतात. मागच्या लाँग वीकेंडला आम्हीही गेलो होतो. आई-बाबा, बायको, आठ वर्षांची लेक, आणि डबाभर तिखटमिठाच्या पुऱ्या. पार्कात डांबरी रस्त्यावरही ताशी 50 किलोमीटरच्या वर जाता येत नाही, त्यामुळे गप्पांना भरपूर वेळ मिळतो. पाचवा हत्ती बघून झाल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, स्कुकुझा म्हणजे काय?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधं नाही.

आधी थोडा इतिहास. ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारने 1898 मध्ये साबी गेम रिझर्व्ह जाहीर केलं. हस्तिदंत आणि कातड्यांसाठी तोपर्यंत एवढी शिकार झाली होती की राखायला फार काही उरलंच नव्हतं. लगेच पुढच्या वर्षी बोअर युद्ध सुरू झालं आणि सगळं कागदावरच राहिलं. युद्ध संपल्यावर 1902 मध्ये इंग्रजांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश अधिकाऱ्याला तिथला वॉर्डन नेमलं. या गृहस्थांनी ती नोकरी 1946 पर्यंत केली! (आपण इथे दोन वर्षं झाली की रेझ्युमे अपडेट करायला घेतो.)

त्यांनी सुरुवातीलाच दोन कामं केली. शिकार बंद केली, आणि रिझर्व्हच्या हद्दीत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांना बाहेर काढलं. तेव्हा त्सोंगा भाषेत लोकांनी त्यांना नाव ठेवलं, स्कुकुझा. म्हणजे झाडून काढणारा, साफ करणारा. आज आपण ज्या नावाचं बुकिंग करतो ते असं आलंय. ते कौतुकाने ठेवलं होतं की रागाने, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता गंमत बघा. प्राणी राखले खरे, पण ते बघायला लोक यावेत हे आधी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ती कल्पना लोकांच्या गळी उतरवायला कारणीभूत झाली रेल्वे. 1923 मध्ये तिथल्या रेल्वेने नऊ दिवसांची एक पर्यटन सहल सुरू केली. गाडी या रिझर्व्हमधून जायची आणि प्रवाशांना सगळ्यात जास्त आवडायचा तो हाच टप्पा. वॉर्डनसाहेबांनी हे बरोबर हेरलं. 31 मे 1926 ला कायदा होऊन क्रूगर नॅशनल पार्क अस्तित्वात आलं आणि 1927 मध्ये पर्यटकांच्या पहिल्या गाड्या आत शिरल्या. तेव्हा अख्ख्या वर्षात तीन गाड्या! आता सिंह दिसला की पाच मिनिटांत त्याहून जास्त गाड्यांचा जाम लागतो.

पण या गाड्यांतून कोण येत होतं? वर्णभेदाच्या काळात गोऱ्या नसलेल्या पाहुण्यांसाठी बालुले नावाचा एक लहानसा, जेमतेम सोयींचा कॅम्प होता. म्हणजे आमचं हे कुटुंब त्या काळात आलं असतं, तर स्कुकुझात मुक्काम मिळायचा प्रश्नच नव्हता. आमच्या बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

झाडून काढणं 1902 नंतर थांबलंही नाही. पार्कच्या अगदी उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या मधल्या पाफुरी भागात मकुलेके लोकांची वस्ती होती. 1969 मध्ये सुमारे 3000 लोकांना तिथून बंदुकीच्या धाकावर हलवलं. स्वतःची घरं स्वतःच्या हाताने जाळायला लावली आणि ती जमीन पार्कला जोडली.

आणि म्हणे हे 'निर्मनुष्य अरण्य'! याच उत्तर भागात थुलामेला नावाच्या टेकडीवर दगडी भिंतींच्या वसाहतीचे अवशेष आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथे लोक राहत होते. 1990 च्या दशकातल्या उत्खननात सोन्याचे दागिने, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि हिंदी महासागरातल्या व्यापारातून आलेले काचेचे मणी सापडले. म्हणजे या जंगलाचा आपल्या बाजूच्या समुद्राशी संबंध सफारीच्या कितीतरी आधीचा आहे.

वर्णभेद संपल्यावर 1994 मध्ये जमिनी परत मिळण्याचा कायदा आला. मकुलेकेंनी दावा लावला आणि 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर जमीन परत मिळवली. पुढे त्यांनी काय केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते तिथे पुन्हा राहायला गेले नाहीत. जमीन पार्कमध्येच ठेवायची, शेती आणि खाणकाम करायचं नाही, कारभार पार्कबरोबर मिळून बघायचा आणि पर्यटनाचं उत्पन्न गावाला मिळायचं, असा करार त्यांनी केला. पार्कमधल्या नंतरच्या दाव्यांत मात्र सरकारने जमीन परत देण्याऐवजी भरपाईचा रस्ता धरला. त्यामुळे मकुलेकेंचं उदाहरण वेगळंच राहिलं.

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, माणसं हलवली नसती तर आज एक गेंडा दिसला नसता. दुसरं म्हणतं, हा सगळा श्रीमंतांच्या सुट्टीचा खेळ आहे. मला दोन्ही पटत नाहीत. क्रूगर पार्क जवळजवळ 19,500 चौरस किलोमीटर आहे, आपल्या नगर जिल्ह्यापेक्षाही मोठं. एवढं जंगल टिकलं ही छोटी गोष्ट नाही. पण त्याची किंमत कुणी भरली हे विसरून चालणार नाही. मेळघाट-ताडोब्यातूनही गावं हलवली गेली आहेत, तेव्हा हा प्रश्न फक्त आफ्रिकेचा नाही. हलवलेल्या माणसाला नंतर त्या जंगलात काही हक्क उरतो का, हे विचारायला हवं. मकुलेकेंनी हक्कही मिळवला आणि जंगलही राखलं, म्हणजे हे जमू शकतं.

असो. क्रूगरला जाणार असाल तर शक्य झाल्यास एक दिवस जास्त काढा आणि उत्तरेला पुंडा मारियापर्यंत जा. तिथून गाइडबरोबर थुलामेला बघता येतं. तिकडे सिंह कमी दिसतील, पण इथे कधीकाळी माणसांची घरं होती हे दिसेल.