रेषेचें व्रत

धाराशिव जिल्ह्याच्या काळ्या रानांत तिफण चालली म्हणजे तिच्यामागें तीन समांतर रेषा उमटत जातात. त्यांत फूल नाहीं, पान नाहीं, मनुष्याची आकृति नाहीं. तरी बांधावरचा जाणता शेतकरी त्या रेषांवरून पेरणाऱ्याचा हात ओळखतो. केवळ रेषेवरून मनुष्याच्या मनाची ओळख पटावी, ह्याच श्रद्धेवर नसरीन मोहम्मदी ह्या चित्रकर्त्रीनें आपलें आयुष्य वेंचिलें.

नसरीन ह्यांचा जन्म सन १९३७ मध्यें कराचीस झाला. बालपणींच त्यांचें कुटुंब मुंबईस आलें. सन १९५४ ते १९५७ ह्या काळांत त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेंत शिकल्या. पुढें पॅरिस येथेंही त्यांनीं अभ्यास केला. मुंबईंतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस वासुदेव गायतोंडे ह्यांचा सहवास लाभला. सन १९२४ मध्यें नागपुरास जन्मलेले व जे. जे. कलाशाळेंत शिकलेले गायतोंडे वस्तूंचीं चित्रें काढणें सोडून केवळ रंग व अवकाश ह्यांचा शोध घेऊं लागले होते.

सन १९७२ पासून नसरीन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकवूं लागल्या. ह्याच सुमारास त्यांच्या चित्रांतून रंग व आकार मावळले. कागद, पेन्सिल, शाई आणि स्थापत्याच्या आंखणीचीं उपकरणें, एवढेंच साहित्य उरलें. रेषांमधील अंतर कमी-अधिक होई, तसतसा कागद कोठें दाटे, कोठें उजळे. चित्रांस नांव देणें व त्यांवर तारीख घालणें त्यांनीं बहुधा टाळिलें.

त्याच काळांत कोरियांत पार्क सो-बो (१९३१–२०२३) हे ओल्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलीच्या रेघा पुनःपुन्हा ओढीत असत. तेथें आवृत्ति ही साधना होती, येथें संयम.

ह्या संयमाची कसोटी मोठी कठोर झाली. एका मज्जाविकारामुळें नसरीन ह्यांचा देहाच्या हालचालींवरील ताबा हळूहळू सुटत गेला. कागदावरील रेषा मात्र ढळली नाहीं. सन १९९० मध्यें अलिबागजवळील किहीम येथें त्यांचें देहावसान झालें. सन २०१६ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनें ‘मेट ब्रॉयर’ ही शाखा ज्या प्रदर्शनांनीं उघडिली, त्यांत एक नसरीन ह्यांच्या चित्रांचें होतें.

आकृतीवांचून चित्र म्हणजे पोरखेळ, असें ज्यास वाटतें त्यानें एकदां तिफण हातीं धरून पाहावी. सरळ रेघेसाठीं मन किती स्थिर असावें लागतें, हें त्यास पहिल्याच तासांत उमगेल.