माग, सूप आणि पाठीचा कणा

सोलापूरचा इतिहास सांगताना गिरण्या, चादर आणि संप यांचा उल्लेख हमखास होतो. ज्या पाठींनी हे शहर पेलले त्यांचा क्वचितच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा खड्डामाग घ्या. विणकर जमिनीलगत बसे, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवी. पावडी दाबली की ताण्याचे धागे फाकत, एका हाताने फेकलेला धोटा दुसरा हात झेले आणि फणी अंगाकडे ओढून आडवा धागा ठोकला जाई. दर फेकीला धड जरा वळे, दर ठोक्याला मागेपुढे होई. पाठ वाकलेली असे, पण थिजलेली नसे. पुढे विणकर वस्त्यांतल्या बायकांच्या हाती विडीकाम आले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि बेताने कापलेली तेंदूपाने. चालतात फक्त बोटे, मान खाली आणि कंबर जागच्या जागी. या बदलात श्रमिकाच्या कण्याची हालचाल हिरावली गेली, आणि तिच्याबरोबर कण्याला सावरणारी जाणही दुबळी झाली, असे माझे म्हणणे आहे.

शरीराची ही आतली जाण शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ या नावाने मांडली. मणक्यांना बिलगलेल्या मल्टिफिडससारख्या स्नायूंत ताण टिपणारे सूक्ष्म संवेदक असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या खबरीवर मज्जासंस्था कणा क्षणोक्षणी सावरते. हात उचलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला स्नायू आवळतो; कंबरदुखी असलेल्यांत ही तयारी उशिरा होते, असे संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवले. फार वेळ वाकून बसले की मणक्यांचे अस्थिबंध सैलावतात आणि स्नायूंना जागे करणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. सरळ झाल्यावरही ती लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून सुपावरून उठून पाण्याची घागर उचलणारीची कंबर नेमकी त्या वेळी कमी सावध असते.

यावर कुणी म्हणेल, कंबर तर विणकरांचीही दुखे. खरेच आहे, हातमागाच्या कामगारांत पाठीच्या तक्रारी सर्रास आढळतात. माग निरुपद्रवी होता असा माझा दावा नाही. दोन्ही कामांतला भार वेगळ्या जातीचा आहे, एवढेच मी म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरी काम करणारी बाई हवे तेव्हा उठू शकते, मग दोष तिच्या सवयीचाच नाही का? पण मजुरी हजार विड्यांवर मिळते. उठून घालवलेले प्रत्येक मिनिट तिच्याच खिशातून जाते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तास आणि विश्रांती बांधून दिली ती कारखान्याच्या आवारापुरती; घरातल्या सुपापर्यंत ती पोचली नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली विडी कामगारांच्या हाती आली, हा त्यांच्या लढ्याचा मोठा विजय. मात्र ज्या घरांनी छत दिले तीच त्यांची कामाची जागाही आहे. ‘ताठ बसा’ हा सल्ला तिथे अपुरा पडतो. उठून चालण्याचा वेळ मजुरीच्या दरातच धरला गेला पाहिजे.