उच्चारदर्शक शब्द

उच्चारदर्शक शब्द म्हणजे बोलणे, म्हणणे, मोठ्याने वाचणे, पठण करणे, घोष करणे इत्यादी आवाजी क्रिया दर्शविणारे शब्द होत. मराठी व इंग्रजी या दोन्ही इंडो-युरोपीय कुळातील भाषा असल्यामुळे यांतील काही शब्दांचे मूळ एकच आहे. लेखन हे पूर्वी मुख्यतः ऐकविण्यासाठी असे, याची खूण या शब्दांत टिकून आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर परिसरातील काव्य आणि वारीच्या परंपरेत याची ठळक उदाहरणे आढळतात.

मराठी शब्द

'उच्चार' हा शब्द 'उत्' (वर) आणि 'चर्' (जाणे) यांपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ 'वर येणे, बाहेर पडणे' असा आहे. 'म्हणणे' हे क्रियापद संस्कृत 'भण्' धातूपासून, तर 'बोलणे' हे प्राकृत 'बोल्ल' यापासून आले. 'वाचणे' याचे मूळ संस्कृत 'वाचयति', म्हणजे 'बोलावयास लावतो', हे आहे. वाचक लिखित अक्षरांना जणू बोलते करतो. 'जिवंत राहणे' या अर्थाचे 'वाचणे' मात्र भिन्न व्युत्पत्तीचे आहे. 'तोंडी' हा शब्द 'तुंड' (चोच, मुख) यापासून बनलेल्या 'तोंड' या शब्दावरून आला.

इंग्रजी शब्द

'व्हॉइस' व 'व्होकल' हे शब्द लॅटिन 'व्हॉक्स' (आवाज) या शब्दाशी संबंधित असून त्याचा व संस्कृत 'वाच्' चा उगम एकच आहे. 'लाउड' (मोठ्या आवाजाचा) हा संस्कृत 'श्रुत' (ऐकलेले) या शब्दाचा सगोत्र आहे. 'रीड' या क्रियापदाच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ 'सल्ला देणे, उलगडा करणे' असाही होता. 'रिसाइट' हा शब्द लॅटिनमधील 'मोठ्याने वाचून दाखविणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला.

'ओरल' व 'व्हर्बल' या शब्दांत अनेकदा गल्लत होते. 'ओरल' हा लॅटिनमधील 'मुख' या अर्थाच्या शब्दापासून आला असल्याने त्याचा अर्थ 'तोंडी' असा होतो. 'व्हर्बल' हा 'शब्द' या अर्थाच्या 'व्हर्बम' पासून आला. त्यामुळे काटेकोर अर्थाने लेखी मजकूरही 'व्हर्बल', म्हणजे शाब्दिक, ठरतो. महाविद्यालयांतील 'व्हायवा' हे लॅटिन 'व्हायवा व्होसी' या पदाचे संक्षिप्त रूप असून त्याचा शब्दशः अर्थ 'जिवंत आवाजाने' असा आहे.

बारामती व इंदापूर

पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे दीर्घ वास्तव्य बारामती येथे होते. बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने ते तेथे पुराण सांगत. पुराणिकाने ग्रंथ मोठ्याने वाचून त्याचा अर्थ श्रोत्यांस सांगावयाचा, अशी ही पद्धत होती. त्यांच्या 'केकावली' या काव्याचे नावही आवाजावरूनच आले आहे. 'केका' म्हणजे मोराचा टाहो व 'आवली' म्हणजे ओळ. मोर जसा मेघास साद घालतो, तसा भक्त देवास आळवितो, अशी त्यामागील कल्पना आहे. 'मयूर' ही कवीची नाममुद्रा असल्याने या नावास दुहेरी अर्थ लाभतो.

मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' ही रचनाही केली. तीत ओठांनी उच्चारले जाणारे वर्ण टाळलेले आहेत. 'राम' या नावातील 'म' हा वर्णच ओष्ठ्य असल्यामुळे असे बंधन पाळून रामकथा रचणे विशेष अवघड ठरते. या रचनेतील कौशल्य मोठ्याने वाचल्यावरच नीट ध्यानात येते.

देहूहून पंढरपूरला जाणारी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने जाते. वाटेत अभंग म्हटले जातात व नामघोष होतो. 'घोष' हा संस्कृत 'घुष्' (मोठ्याने जाहीर करणे) या धातूपासून झालेला शब्द येथे आजही आपल्या मूळ अर्थाने वापरात आहे.