उद्भासन (चलच्चित्रण)

रंगसंस्कारापूर्वी (कलर ग्रेडिंगपूर्वी), प्रत्यक्ष चित्रीकरणसमयीच, कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण मुक्रर करण्याची क्रिया; व्यवहारात एक्स्पोजर. सेकंदास 24 चौकटींच्या चित्रणात गती स्वाभाविक भासावी म्हणून शटरचा काल बहुधा 1/48 वा 1/50 सेकंद ठेवतात, आणि अधिक उजेड एनडी फिल्टरने आवरतात. लॉग पद्धतीत, म्हणजे छायाप्रकाशाची अधिक व्याप्ती टिपणाऱ्या नोंदणीत, चित्र हेतुतः फिके नोंदले जाते. सोनीच्या एस-लॉग3 मध्ये 18 टक्के परावर्तनाचा करडा रंग सुमारे 41 टक्के पातळीवर बसतो.

महाड तालुक्यातील, 22 जुलै 2021 च्या दरडीमुळे सर्वज्ञात झालेल्या तळीयेसारख्या डोंगरकुशीच्या गावी पावसाळ्यात काळा कातळ, ओली हिरवळ आणि त्यांवर टेकलेले शुभ्र ढग एकाच चौकटीत येतात, तेव्हा स्वयंचलित मापनावर विसंबणारा कॅमेरा ढगांच्या उजेडाने फसून सारी दरी काळवंडून टाकतो. उलट दरीसाठी उजेड फार वाढविला, तर ढगांचा तपशील पुसला जातो, आणि तो पुढे कोणत्याही रंगसंस्काराने परत मिळत नाही. छायेतील तपशील मागाहून उचलता येतो खरा, परंतु त्यासोबत दाणेदारपणाही वर येतो. यास्तव ढगांच्या कडा झेब्रा-रेषांवर (अतिउजळ भाग दाखविणाऱ्या पडद्यावरील पट्ट्यांवर) तपासून, त्या कडा जेमतेम शाबूत राहतील इतका उजेड घेण्याची तजवीज श्रेयस्कर. पावसाळी, मेघाच्छादित उजेडाच्या संयत हाताळणीचा उत्तम दाखला म्हणून पंकज कुमार यांनी छायाचित्रित केलेला ‘तुंबाड’ (2018) हा हिंदी चित्रपट अभ्यासावा.