कार्ब्युरेटरमधील हिमसंचय

कार्ब्युरेटरमधील हिमसंचय म्हणजे विमानाच्या पिस्टन इंजिनातील कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून हवेचा मार्ग अरुंद होणे. सेसना १५० व सेसना १५२ यांसारख्या प्रशिक्षण विमानांत उड्डाणादरम्यान इंजिनाची शक्ती घटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कारणे

कार्ब्युरेटरच्या निमुळत्या भागात हवेचा दाब कमी होतो व इंधनाचे बाष्पीभवन होते. या दोन्हींमुळे तेथील तापमान २० अंश सेल्सियसहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे उबदार पण दमट हवेतही बर्फ साचतो. थ्रॉटल कमी ठेवून खाली उतरताना हा धोका वाढतो. इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांत कार्ब्युरेटर नसल्याने हा दोष उद्भवत नाही.

लक्षणे

पंख्याच्या पात्यांचा कोन स्थिर असलेल्या विमानात प्रथम इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे हळूहळू घटतात. नंतर इंजिन थरथरू लागते.

उपाय

वैमानिक कार्ब्युरेटर हीट पूर्णपणे चालू करतो. त्यामुळे एक्झॉस्टभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. ही हवा विरळ असल्याने फेरे आणखी कमी होतात आणि वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये गेल्याने इंजिन काही काळ अधिकच खडखडते. उपायानेच बिघाड वाढला असे समजून हीट बंद केल्यास बर्फ तसाच राहतो. बर्फ वितळल्यावर फेरे पुन्हा वाढतात.

इंजिन बंद पडल्यास एक्झॉस्ट थंड होऊन ही उष्णताही मिळेनाशी होते. म्हणून पहिल्या लक्षणासरशी उपाय करणे आवश्यक असते. शक्ती परत न आल्यास तरंगण्याचा योग्य वेग (सेसना १५२ साठी सुमारे ६० नॉट) राखून उतरण्यायोग्य जागा निवडली जाते.