जनगणनेतील मातृभाषा : गणना आणि वर्गीकरण

भारतीय जनगणनेच्या भाषाविषयक कोष्टकांत गणना व वर्गीकरण या दोन भिन्न क्रिया एकत्र आलेल्या आहेत. १९६१ साली १,६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दर्शविणे बंद झाले. २००१ मध्ये हस्तलिखित पत्रके यंत्राने वाचली जाऊ लागली. तथापि वर्गीकरणाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. २०११ साली लोकांनी सांगितलेल्या १९,५६९ नावांतून छाननीअंती १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली आणि पाच कोटींहून अधिक भोजपुरी भाषक हिंदीत गणले गेले. हा निर्णय यंत्राचा नव्हे. सबब मूळ नोंदी जतन करून त्यांवरील प्रत्येक संस्करण अभ्यासकास पडताळता येईल अशी व्यवस्था करणे, हेच शासकीय सांख्यिकीत विदाविज्ञानाचे प्रथम कर्तव्य ठरते.