आहारातील स्निग्ध पदार्थ
तेल, तूप, लोणी इत्यादींच्या रूपाने मिळणारा आहाराचा एक प्रमुख घटक. स्निग्ध पदार्थ मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचे बनलेले असतात. त्यांच्या रेणूत एका ग्लिसरॉलाला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदके व प्रथिने यांपासून प्रत्येकी सु. ४.

प्रकार : संपृक्त मेदाम्लांत कार्बन अणूंमध्ये द्विबंध नसतो. तूप, लोणी व खोबरेल यांत ती विपुल असतात; म्हणूनच थंडीत खोबरेल गोठते. एकअसंपृक्त मेदाम्लांत एक द्विबंध असतो (उदा., शेंगदाणा व ऑलिव्ह तेल), तर बहुअसंपृक्तांत एकाहून अधिक (उदा., करडई, सूर्यफूल व जवस तेल). तेलाच्या अंशतः हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात.

कार्य : ऊर्जेचा साठा, त्वचेखालील उष्णतारोधन, अवयवांचे संरक्षण, पेशीपटलांची रचना आणि अ, ड, ई व के जीवनसत्त्वांचे शोषण. लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीरात तयार होत नाहीत. ती आहारातूनच मिळवावी लागतात. जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मेदाची ही आवश्यकता दाखवली.

आरोग्य : संपृक्त मेदाम्लांच्या अतिसेवनाने रक्तातील एलडीएल (हानिकारक) कोलेस्टेरॉल वाढते. ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवून एचडीएल (हितकारक) कोलेस्टेरॉल घटवतात, म्हणून ती अधिक घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदाम्लांचा वाटा १० टक्क्यांहून आणि ट्रान्स मेदाम्लांचा १ टक्क्याहून कमी असावा. भारतात खाद्यतेले व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांची कमाल मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे.